कनात

आमच्या घरात दुपारी चार ते साडेपाच ही वेळ ठरलेली आहे. साडेपाचला उठावेच लागते, कारण सूर्य मावळायच्या आत जेवणे आटोपायची असतात आणि पोळ्या कुणीतरी लाटायला हव्यात. त्या दीड तासात मी आणि आक्का, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, स्क्रॅबल खेळतो. शेजारणी हसतात. या वयात जपमाळ ओढायची सोडून ह्या दोघी एबीसीडी मांडत बसल्यात, म्हणतात. जपमाळही ओढतो आम्ही. तिची वेळ पहाटेची.

सासूबाई होत्या तोवर हा डबा माडीवरच्या ट्रंकेत असे. सोंगट्या दिसल्या की त्यांना द्यूत आठवे, आणि द्यूत म्हणजे सप्तव्यसनांतले पहिले. पैसे लावत नाही हो आम्ही, असे आक्कांनी किती वेळा सांगितले असेल. सासूबाई म्हणायच्या, पैसा नसला म्हणून काय झालं, हरलेल्याचं तोंड बघ की एकदा. तेव्हा आम्हाला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटे. आता तसे वाटत नाही, आणि ते का, हेच मला लिहायचे आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकेतला एक वास्तुविशारद 1930 नंतरच्या मंदीत बेकार झाला आणि रिकामपणी त्याने हा खेळ बेतला. इंग्रजीत कुठले अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांची पाने घेऊन मोजले आणि त्यावरून सोंगट्या किती नि गुण किती ते ठरवले. सोंगट्या शंभर. त्यात ई बारा आहेत, क्यू आणि झेड एकेकच. ई टाकला तर एक गुण, क्यू टाकला तर दहा. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दापुढे एस लावून अनेकवचन करत बसला असता. (बेकार माणसाने केलेले काम, पण हिशोब किती चोख!) दोन सोंगट्या कोऱ्या. प्रत्येकाच्या पुढ्यात सात सोंगट्या असतात, त्यांतून शब्द जुळवून पंधरा बाय पंधराच्या पटावर मांडायचा. सातही एकदम लागल्या तर पन्नास गुण जास्तीचे.

गुण अक्षरांना असतात, अर्थाला नसतात. हे सुरुवातीला मला फार विचित्र वाटे. पटावरची रंगीत घरे सोडली तर 'अहिंसा' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने मांडून अकरा गुण मिळतात, 'कर्म' मांडूनही अकरा. आणि चिनी लोक प्राणशक्तीला जो 'ची' म्हणतात तो क्यू आणि आय एवढ्या दोनच अक्षरांचा, त्यालाही अकरा! 'जैन' मात्र मांडता येत नाही. नेहमी मोठ्या लिपीत सुरू होणारे शब्द चालत नाहीत.

आक्कांना हे अर्थाचे वावडे मुळीच मान्य नव्हते. त्या इथेच एका हायस्कुलात एकतीस वर्षे इंग्रजी शिकवत होत्या. त्यांनी घरचा नियम केला: जो शब्द मांडाल त्याचा अर्थ सांगायचा, आणि मागितले तर वाक्यात उपयोग करून दाखवायचा. खेळाच्या कागदावर असला नियम नाही. उलट तिथे अशी सूट आहे की खोटा शब्द मांडला आणि समोरच्याने हरकत घेतली नाही तर तो खपून जातो, गुण मिळतात. आक्का म्हणायच्या, हे व्यापाऱ्याचं झालं, गिऱ्हाईकानं बघितलं नाही तर किडकं धान्य खपवायचं. आपल्याकडं नको.

मी मराठी शाळेतली. इंग्रजी पाचवीपासून, तेही पाठांतराचे. लग्न होऊन आले तेव्हा घरात कन्नड, मराठी दोन्ही चाले आणि इंग्रजी वर्तमानपत्र फक्त आक्का वाचत. मला हा खेळ त्यांनीच शिकवला. मी चाळीस गुणांनी हरायचे, साठ गुणांनी हरायचे. वाईट वाटायचे नाही असे म्हणणार नाही. पण हरता हरता शब्द कळायचे, आणि आक्का प्रत्येक शब्दाबरोबर काहीतरी सांगायच्या, हा लॅटिनमधून आला, हा आपल्याकडून गेला. अशी पंचवीस वर्षे गेली.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला होता. माझे हाल बघून त्याला दया आली असावी. त्याने माझ्या फोनवर एक ॲप घालून दिले. त्यात आपल्याजवळची सात अक्षरे टाकायची. कोरी सोंगटी असेल तर तिच्या जागी प्रश्नचिन्ह. बोट लावले की त्या अक्षरांतून होणारे सगळे शब्द समोर येतात, लांबीप्रमाणे लावलेले, शेजारी गुण. अमुक अक्षर असलेलेच हवेत, अमक्याने संपणारेच हवेत, यू नसलेला क्यू हवा, काय वाट्टेल ते मागा. नातू म्हणाला, "आजी, प्रॅक्टिससाठी हं." हे तो म्हणाला होता. मी नंतर विसरले, किंवा विसरायचे ठरवले.

पहिल्यांदा केले तो दिवस मला नीट आठवतो. माझ्यापुढे ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी अक्षरे होती. मला त्यात 'रेन' दिसला, मग 'ट्रेन', मग एस लावून 'ट्रेन्स'. ई उरत होता. मी म्हटले, दूध बघून येते. आत जाऊन ओट्यापाशी फोन काढला. अहो, त्या सात अक्षरांतून किती शब्द! 'रिटेन्स' होता, 'नॅस्टियर' होता, एक ग्रीसमधल्या दारूचे नावही होते. मी 'रिटेन्स' घेतला, कारण त्याचा अर्थ मला येत होता, म्हणजे घरचा नियम पाळला जात होता. बाहेर येऊन मांडला. पन्नास गुण जास्तीचे.

आक्कांनी चष्मा वर करून पटाकडे बघितले, मग माझ्याकडे. "अगं! सगळ्या सात? बघ, बघ, जमतंय की तुला!" आणि त्यांनी टाळी वाजवली. माझ्या यशाला घरात टाळी वाजण्याचा प्रसंग फारसा आलेला नाही. ती टाळी मला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशीही दूध बघायला जावे लागले.

पुढचे सांगायला नको. आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. मी जिंकू लागले.

मनाला समजावण्याची माझी तयारी चांगली आहे, हे मला या चार महिन्यांत कळले. मी म्हणायची, शब्द काय कुणाच्या बापाचे आहेत? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चोरीची व्याख्या आहे, न दिलेले घेणे म्हणजे चोरी. शब्द तर सगळ्यांना दिलेलेच आहेत. विहिरीचे पाणी, रानातला वारा, तसे. शब्दकोश उघडून बघणे चोरी नाही, मग फोन उघडून बघणे का? शिवाय पैसे नाहीत, बक्षीस नाही, कुणाचे काही कमी झाले नाही. आक्कांचे गुण मी खोडले नव्हते, माझे वाढवले होते.

आणखी एक पुरावा मला नातवाकडूनच मिळाला होता. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स नावाचे गृहस्थ आहेत. 2015 साली ते फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! नऊएक आठवड्यांत त्यांनी शब्दांच्या याद्या पाठ केल्या होत्या. 2024 मध्ये स्पॅनिशचेही विजेतेपद त्यांनीच घेतले. मी स्वतःला म्हणाले, बघ, जगात ज्यांचा सत्कार होतो त्यांनाही अर्थ येत नाही, नुसती अक्षरे येतात. मग मी एवढी काय वाईट?

पण या गृहस्थांबद्दल विचार करताना मी स्वतःच अडकले. अर्थ न कळता पाठ करणे हसण्यासारखे असेल तर आपल्या बस्तीत आपण बायका काय करतो? भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक मला चौदाव्या वर्षापासून मुखोद्गत आहेत. अर्थ कळायला लागला तो पन्नाशीनंतर, तोही निम्म्याचाच. म्हणून ती चौदा वर्षांची मुलगी खोटी होती का? नव्हती. तिने श्लोक पाठ केले होते आणि ती पाठ केलेलेच म्हणत होती. अर्थ कळतो असा आव तिने आणला नव्हता. रिचर्ड्सही तसेच. मला फ्रेंच येते असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी जे पाठ केले ते स्वतःच्या डोक्यात वाहून पटापर्यंत आणले. मी ओट्यापासून पटापर्यंत जे आणत होते ते मात्र माझ्या डोक्यातून आल्याचे दाखवत होते.

शब्द दिलेलेच होते, हे खरे. पण ती टाळी दिलेली नव्हती. म्हणजे दिली होती, पण ती मला नव्हे, मी जी आहे असे आक्कांना वाटले तिला. ती मी घेत होते. इथवर विचार येऊन पोचला होता, तरी फोन बंद झाला नव्हता. विचार पोचणे आणि हात थांबणे यांत किती अंतर असते ते प्रत्येकीला आपापले माहीत असेल.

आषाढात एक दिवस माझ्याकडे क्यू आला. यू नव्हता. इंग्रजीत क्यूच्या मागे यू असायचाच, हे शाळेपासून डोक्यात बसलेले. पण यू नसलेले क्यूचे शब्दही आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच बाजूने गेलेले: फकीर, तलाक, काझी. मी दूध बघायला गेले. यादीत क्यू, ए, एन, ए, टी असा एक शब्द होता. 'कनात'. तिप्पट गुणांच्या लाल घरावर नेमका बसत होता. चौदा त्रिक बेचाळीस. अर्थ बघायचा तर शब्दावर बोट ठेवावे लागते. मी घाईत होते. नाही ठेवले.

"कनात?" आक्का म्हणाल्या. "म्हणजे मांडवाला बाजूनं लावतात ती कनात? ती गेली इंग्रजीत?"

मी म्हटले, "हो, तीच."

"बघ की, मला माहीतच नव्हतं हे. तुला कुठं मिळाला?"

"मासिकात वाचला होता."

आक्कांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे राहिले आहे. शब्दकोशातले बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. म्हणून दोनेक वर्षांपासून शंका आली तर कोश मीच उघडून वाचून दाखवते. म्हणजे चोर मी आणि फौजदारही मीच. त्यांनी कोश उघडायला सांगितले नाही. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपली वही ओढली आणि मोठ्या अक्षरांत शब्द लिहून पुढे अर्थ लिहिला, मांडवाच्या बाजूचे कापड.

रात्री मी अर्थ बघितला. हा कनात वेगळा. इराणमध्ये डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत एक विहीर खणतात आणि तिथून जमिनीच्या पोटातून हलक्या उताराचा बोगदा काढत पाणी गावापर्यंत आणतात. मधेमधे बोगद्यात उतरायला आणि वारा यायला उभ्या विहिरी. पंप नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने चालत येते आणि ऊन लागत नाही म्हणून वाफ होऊन जात नाही. आणि हे काही फार लांबचे नाही. आपल्या कर्नाटकातच, बीदरला बहमनी काळातली अशीच रचना आहे. तिकडे करेझ म्हणतात. बीदरला मी दोनदा जाऊन आले आहे, लग्नाला. करेझ बघितला नाही.

एकतीस वर्षे ज्या बाईने मुलींच्या वह्यांतला चुकीचा अर्थ लाल शाईने खोडला तिच्या वहीत माझ्यामुळे चुकीचा अर्थ बसला. मला झोप आली नाही. सकाळी सांगायचे ठरवले. सकाळी सांगितले नाही.

आपल्या शास्त्रात सत्याचे दहा प्रकार सांगितले आहेत, हे मला फार आवडते. सत्य म्हणजे एकच सरळ काठी नव्हे. भाताला एका मुलखात भात म्हणतात, आमच्याकडे कन्नड घरात अन्न म्हणतात, दोन्ही खरे. ते जनपदसत्य. बुद्धिबळाच्या लाकडाला हत्ती म्हणणे, घोडा म्हणणे हेही खोटे नव्हे, कारण सगळ्यांनी मिळून तशी स्थापना केलेली असते. या हिशोबाने खेळात खोटे काहीच नसते. स्क्रॅबलमधल्या कोऱ्या सोंगटीला मी एस म्हटले तर ती एस. कारण मी ते पटावर, समोरच्याच्या देखत म्हणते. ओट्यापाशी जे घडत होते त्याची स्थापना कुणीच केली नव्हती. दहातल्या एकाही प्रकारात ते बसेना. मी बसवून बघितले.

श्रावणात आक्का पुतण्याला घेऊन दवाखान्यात जाऊन आल्या. मला सांगितले नव्हते. मला वाटले डोळ्यासाठी. संध्याकाळी पुतण्या म्हणाला, "काकी, आईला मेमरीची टेस्ट करून घ्यायची होती. तिला वाटतंय डोकं चालेनासं झालंय." डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. आक्कांनी सगळे बिनचूक केले. वयाच्या मानाने उत्तम आहे, असे डॉक्टर म्हणाले.

मी आक्कांच्या खोलीत गेले. त्या वही घेऊन बसल्या होत्या. नुसते शब्द, पानेच्या पाने. रात्री बसून लिहीत होत्या म्हणे, एका डोळ्याने. मी म्हटले, "डॉक्टर चांगलं म्हणालेत की."

"डॉक्टर म्हणू देत. त्यांना काय माहीत? पंचवीस वर्षं तू माझ्याकडनं हरत होतीस. आता मला शब्दच दिसत नाहीत, तुला दिसतात. आईचं शेवटी काय झालं होतं ठाऊक आहे ना तुला? माणसं ओळखेना झाली होती."

काय बोलणार?

कुणाचे काही कमी झाले नाही, असे मी चार महिने म्हणत होते. अमृतचंद्राचार्यांचा 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' आमच्या स्वाध्यायात झाला आहे. त्यात ते म्हणतात की असत्य, चोरी ही वेगळी नावे शिष्याला उमजावे म्हणून दिली, मुळात ही सगळी हिंसाच. आणि चोरीबद्दल ते असे म्हणतात की माणसाची वस्तू म्हणजे त्याचे बाहेरचे प्राण, ती घेतली की प्राण घेतल्यासारखे. स्वाध्यायात आम्ही बायकांनी यावर थोडा वाद घातला होता. मला आठवते, मीच म्हणाले होते की हे जरा ताणल्यासारखे होते, कुणाचे चार रुपये उचलणे आणि जीव घेणे एक कसे? त्या दिवशी आक्कांच्या पलंगाच्या काठावर बसल्यावर मला ते ताणल्यासारखे वाटले नाही. आक्कांचे बाहेरचे प्राण म्हणजे त्यांचे शब्द. नवरा गेला, नोकरी संपली, डोळा गेला, तरी ते त्यांच्याजवळ होते. मी त्यांचे गुण घेतले नाहीत, त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा घेतला. आणि तो घेऊन मी काय केले? जिंकले.

तरीही मी त्या दिवशी सांगितले नाही. या लेखात मी चांगली दिसावे अशी इच्छा आहेच, पण हे खरे आहे. मी दुसरा मार्ग काढला. मुद्दाम हरू लागले. चांगला शब्द दिसला तरी मांडायचा नाही. तीन दिवस हरले. आक्का खूश होतील असे वाटले होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मुद्दाम करतेयस ना? दवाखान्याचं कळलं म्हणून? मला एवढं कळेना झालंय असं वाटतंय का तुला?" म्हणजे एक माया झाकायला मी दुसरी माया केली होती. मायेला शल्य का म्हटले आहे हे मला तेव्हा कळले. काटा एकीकडून दाबला की दुसरीकडून टोचतो.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. बस्तीत पंडितजी मन, वचन, काया एका सरळ रेषेत असण्याबद्दल बोलत होते. दरवर्षी तेच बोलतात. मी मात्र दुसऱ्याच विचारात होते. पर्व संपले की क्षमावाणी येईल, आपण सगळ्या हात जोडून एकमेकींना म्हणू, कळत-नकळत काही चुकले असेल तर क्षमा करा. मी आक्कांनाही तेच म्हणेन, त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि सुटेन. किती सोयीचे! त्या 'असेल तर'मध्ये माझा 'कनात' सहज मावला असता. मला वाटते आपण सगळ्याच ह्या 'असेल तर'च्या आड पुष्कळ काही मावून घेतो. ज्या बाईला मी काय केले हेच ठाऊक नाही, तिच्याकडून मिळालेली क्षमा म्हणजे पुन्हा न दिलेलेच घेणे. टाळीसारखे.

घरी आले. आक्कांचा त्या दिवशी एकाशन होता, त्या पाणी पिऊन पडल्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. एप्रिलपासूनचे. दुधाचे. कनातचे.

त्यांनी फोन उलटासुलटा करून बघितला. "यात अक्षरं घालायची?" "हो." "आणि शब्द येतात?" "हो." मग कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटत होते त्या हसतील. एवढेच ना गं, असे म्हणतील. मी तीच वाट बघत होते, खरे सांगायचे तर. त्या म्हणाल्या, "मी रात्री उठून नातवंडांची नावं म्हणून बघत होते. क्रमानं. विसरतेय का म्हणून." आणि कूस वळवली.

अकरा दिवस आम्ही खेळलो नाही. क्षमावाणीला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तो सगळ्यांच्याच डोक्यावर ठेवला होता. मी घाई केली नाही. क्षमा मागणे माझ्या हातात होते, कधी द्यायची ते त्यांच्या.

मधल्या काळात नातवाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आजी, ते चीटिंगच झालं, पण सगळेच करतात. आणि आक्काआजींनी पण ॲप घ्यावं ना, मग इक्वल." मी विचार केला, याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बस्तीत आपल्याला स्वाध्यायाच्या प्रश्नपत्रिका घरी नेऊन सोडवायला देतात. 'पुस्तक बघून उत्तरे लिहा' असे तिच्यावर छापलेले असते. आपण बघूनच लिहितो आणि त्याला अभ्यास म्हणतात. पण व्यासपीठावर प्रश्नमंच चालू असताना पदराखाली फोन धरून 'सोळा भावना कोणत्या' हे बघणारीही आपल्यातलीच असते. (मी नाव घेत नाही, पण ज्या त्या हसत असतील.) बघण्याची कृती दोन्हीकडे एकच. मला नातवाचे निम्मे पटले, निम्मे नाही. दोघींनी मिळून ठरवून ॲप वापरले तर ते खोटे राहत नाही, हे खरे. पण मग खेळतो कोण? दोन फोन खेळतील आणि आम्ही सोंगट्या उचलून ठेवायचे काम करू. त्यात पाप नाही, पण गंमतही नाही, आणि आक्का लॅटिनचे कधी सांगणार?

बाराव्या दिवशी चार वाजता आक्का स्वतःच डबा घेऊन आल्या. पट मांडला नाही. आधी वही पुढे केली, ते पान काढले, आणि लाल पेन माझ्या हातात दिले.

"तूच खोड."

मी 'मांडवाच्या बाजूचे कापड' खोडले. माझे अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी फार गिचमिड दिसत होते. अर्थ लिहिला, जमिनीखालून पाणी आणण्याचा बोगदा.

"आता वाक्यात उपयोग कर."

मी इंग्रजीत वाक्य केले, बीदरला एक जुना कनात आहे आणि मी तो पाहिलेला नाही. त्यांनी एका ठिकाणी चूक काढली, मी आर्टिकल खाल्ले होते. मग म्हणाल्या, फोन त्या कोनाड्यात ठेव, आणि खेळायच्या आधी दहा मिनिटं दोघींनी बघायचा, माझंही बघून दे, मला बारीक दिसत नाही.

त्या दिवशी फोनमध्ये आम्ही दोघींनी मिळून यू नसलेले क्यूचे शब्द बघितले. फकीर त्यांना आधीपासून येत होता. मी तो कधीच मांडला नव्हता, सतरा गुणांचा. बघता बघता साडेपाच झाले, पट मांडलाच नाही, आणि पोळ्यांचे पीठ भिजवायचे राहिले होते.